चाकांवरचा धुरा

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कोणाचाच बसलेला नाही. मी एक जुना हॉल आहे, गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे भातखाचरांकडे, पाठ करून उभा असलेला. आणि यंदा दिवाळीच्या तोंडावर, भर दुपारी, माझ्या पोटातली एक भिंत मी स्वतः सरकवली. हात न लावता. मला हात आहेत कुठे?

पण मुळापासून ऐका. गावच्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, मला बांधायला काढलं तेव्हा आढ्याचं सागवान आणायला बैल मिळेनात. शेवटी लाकडंच जंगलातून चालत आली. मी तेव्हा जेमतेम पायापर्यंत होतो, तरी पाहिलं. मग माझ्यात दंडारी, आमच्याकडची लोकनाट्यं, रंगू लागल्या. दगडी ओट्यावर राजा गर्जायचा, ढोलकी कडाडायची, आणि टाळ्या पडल्या की माझ्या छपराचे कवेलू वीतभर वर उडून पुन्हा आपापल्या जागी बसायचे. तिकडे सौंदडच्या स्टेशनात उभी असलेली गाडी उत्तरादाखल शिट्टी द्यायची.

पुढे दिवस पालटले. दंडार बाहेरच्या मांडवात गेली आणि माझ्यात धानाची पोती रचली गेली. पोतं कधी टाळी वाजवत नाही, मित्रांनो. उंदरांनी मात्र संसार थाटला. दंडारीचा राजवाडा रंगवलेला जुना पडदा त्यांनी एका पावसाळ्यात फस्त केला. पोती गेली, वटवाघळं आली. पोरं माझ्याकडे यायची ती हरवलेला चेंडू शोधायला. त्या वर्षांत मला एकही थाप सुचली नाही. ऐकायलाच कोणी नसेल, तर खोटं तरी कोणाशी बोलायचं?

मग गावातलाच, इंजिनियर झालेला लोकेंद्र आला. मला पाडायचं ठरत होतं. त्याने माझ्या एकेका तुळईवर हातोडी वाजवली, कान लावला आणि खाली उतरून म्हणाला, "हा म्हातारा अजून ठणठणीत आहे. पाडता कायले?"

कवेलू बदलले, फरशी बसली, खिडक्या मोठ्या झाल्या. दगडी ओटा मात्र फोडला. तेव्हा दुखलं, हे खोटं नाही सांगत. त्याच्या जागी दोघांना उचलता येतील असे लाकडी ओटे आले, आणि मधोमध चाकांवरची लाकडी भिंत. "सकाळी वाचनालय, संध्याकाळी एकीकडे शिवणकाम, दुसरीकडे दंडारीची तालीम," लोकेंद्र म्हणाला. "लग्न निघालं का भिंत काठाले लावा, सारा हॉल मोकळा!" भिंतीच्या दोन्ही अंगांना पायाने उघडायचा एकेक ब्रेक होता. दोन्ही सुटल्याशिवाय ती हलत नसे.

लोकेंद्र हुशार खरा, पण एक गोष्ट विसरला. धानाच्या मुलखात दोन बांध्यांमधला धुरा, म्हणजे बांध, शेजारी दरसाल थोडा थोडा कोरत असतात. इथे तर धुऱ्याला चाकंच लावून दिली!

एका अंगाला दुलारीकाकीच्या शिलाई मशिनी, दुसऱ्या अंगाला सुकरामचं दंडार मंडळ. एकाची पाठ फिरली की दुसरा दोन्ही ब्रेक काढून भिंत हातभर सरकवायचा.

"काऊन गा सुकराम, भिंतीले पाय फुटले का?"

"मले काय पुसता काकी? तुमच्या मशिनीच्या हादऱ्यानं सरकली असन."

"माह्या मशिनीनं? तुह्या ढोलकीच्या तालावर माह्या ब्लाउजच्या बाह्या वाकड्या जाऊन राहिल्या, ते नाही दिसत?"

पंधरवड्यात दोघांचं बोलणं बंद झालं. सरपंच रविताताई वैतागल्या. "आता विटाचीच भिंत घालतो. मग सरकवा!" माझ्या दाराशी विटा पडल्या. गवंडी उद्या येणार होता. मित्रांनो, आयुष्यभर एका श्वासात जगलेला मी, माझ्या दोन खोल्या होणार होत्या. पुन्हा कधी कोणाचं लग्न नाही, सभा नाही, भरगच्च टाळी नाही.

त्याच दुपारी सुकराम भिंतीच्या कडेशी येऊन उभा राहिला. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा तोंडावर आली होती, मंडळाला नवा पडदा हवा होता, आणि गोंदियाच्या शिंप्याने दिवाळीनंतर या म्हणून परत पाठवलं होतं. त्याच्या खांद्यावर कापडाचा भलामोठा गठ्ठा होता.

"काकी," तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "शिवून देता का?"

काकीने कापडाला हात लावून पाहिला. "देईन. पण हे पसरवू कुठं? माह्या अर्ध्या जागेत तुहा पडदा मावते का?"

भिंत काठाला लावायला हवी, हे दोघांनाही कळत होतं. पण धुऱ्याच्या भांडणात जो आधी मागे सरतो, त्याचीच चोरी ठरते. सुकराम गठ्ठा ठेवून बिडी ओढायला बाहेर गेला. काकीही चहाचं निमित्त करून उठली.

आणि तेव्हा मी पोट आत ओढलं, सागवानातली सगळी ताकद एकवटली आणि एक हुंकार दिला. भिंत गडगडत गेली ती थेट काठाला!

दोघं परतले. "तू सरकवली?" "मी कायले सरकवू? तुमीच असान." कोणीच मागे सरलं नव्हतं, म्हणून कोणाचीच चोरी ठरली नाही. पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला, बाया गुडघ्यांवर बसल्या, आणि सुकरामची पोरं कापडाची टोकं ताणून धरून राहिली. संध्याकाळी रविताताईंनी डोकावून पाहिलं आणि येऊ नको म्हणून गवंड्याला फोन केला. त्या विटांवर आता गवत उगवलं आहे.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वास्तूला नुसता रंग फासून विसरू नका. फुटला कवेलू लगेच बदला. माझ्या चाकांना अधूनमधून तेल द्या. हवी तेव्हा भिंत उभी करा, पण ती हलती राहू द्या. नाहीतर दर वेळी मलाच पोट आत ओढावं लागेल, आणि या वयात...

"खोटं!"

लाकडी ओट्यावर पाय हलवत बसलेली आचल, दुलारीकाकीची नात, ताडकन उठली. "ब्रेक लागले होते ना? मग भिंत कशी सरकन? मी दाराच्या मागं होती. आजीनंच ढकलली, खांदा लावून!"

एका अंगाला मशीन थांबली. दुसऱ्या अंगाला ढोलकी थांबली.

"आपल्या इकडचा ब्रेक आजीनं पायानं काढला," आचल म्हणाली. "मंग दुसरा काढाले सुकरामकाकाच्या बाजूले गेली, तं तिकडचा ब्रेक आधीच काढलेला होता."