श्वासाएवढी रेघ

शिंक येत होती तेव्हा दादांचा उजवा हात मांडीवर पडलेला होता. शिंकेआधीचा मोठा श्वास आत गेला, कोपर खटकन वाकलं आणि मुठीचा तडाखा टेबलाला खालून बसला. कप बशीत नाचला. निम्मा चहा वर्तमानपत्रावर.

"झालं," बायको फडकं आणायला उठली. "आता तुमच्या शिंकेला विचारून चहा ओतत जाते."

दादांना हसू आलं. हसू आलं तसा हात पुन्हा दोनदा उडाला, आणि ते बघून तिलाही हसू आवरेना.

अपघाताला वर्ष उलटून गेलं होतं. चौकात टेम्पो वळला तेव्हा दादा मागच्या फाळक्याजवळ एक काच धरून उभे होते. हातातली काच सोडायची नाही ही सवय हाडात भिनलेली. काचेसकट ते रस्त्यावर खांद्यावर आपटले. मान एकीकडे, खांदा दुसरीकडे असा हिसका बसला आणि उजव्या हाताच्या वरच्या नसा मणक्यापासून उपटल्या गेल्या. बोटं चालत होती, मूठ वळत होती. पण खांदा आणि कोपर गेलं. हात म्हणजे खुंटीला टांगलेला शर्ट.

अशी मुळापासून निघालेली नस परत जागेवर लावता येत नाही. म्हणून सर्जननी बरगड्यांमधल्या, श्वासाला मदत करणाऱ्या काही नसा सोडवून घेतल्या आणि दंडाच्या नसेला जोडल्या. खांद्यासाठी मानेजवळची आणखी एक नस वळवली. कित्येक महिने काहीच झालं नाही. मग एका दुपारी जांभई देताना दंडात काहीतरी सळसळलं. तेव्हापासून मोठा श्वास घेतला की कोपर वाकत होतं.

यात एक अडचण होती. दादांना आता उसासा लपवता येत नसे. ते खिडकीपाशी बसलेले असत, चेहरा कोरा, आणि हात मांडीवरून चार बोटं वर उचलला जाई.

"काय झालं?" बायको विचारायची.

"कुठे काय?"

"तुम्ही नाही बोललात, पण हात बोलला."

फिजिओथेरपीची मुलगी त्यांच्या पुतणीच्या वयाची होती. ती त्यांच्या हातात पाण्याची अर्धी भरलेली बाटली द्यायची. "श्वास आत घ्या काका... उचला." बाटली छातीपर्यंत यायची. श्वास सुटला की खाली जायची.

"पण मॅडम, मला श्वास घ्यायचाच नाहीये. हात उचलायचाय."

"तुमच्या मेंदूला सध्या ते एकच आहे. तो हुकूम सोडतो बरगड्यांना आणि पोचतो दंडात. पत्ता बदललाय हे त्याला कुणी कळवलेलंच नाही."

"मग कळवा की."

"रोज तेच तर करतोय." तिने बाटली काढून घेतली. "मेंदूत कोपराची म्हणून एक जागा असते. तुमची अजून शाबूत आहे, फक्त तिचा रस्ता उखडलाय. श्वासाच्या जागेशी तिची थोडी जुनी ओळख असते, बारीक धाग्यांची. एरवी ते धागे कुणी वापरत नाही. तुम्ही श्वास घेऊन हात वाकवत राहिलात, मनात हाताचाच विचार ठेवलात, की ते धागे बळकट होतात. मग कोपराची जागा श्वासाचाच रस्ता आपल्या कामाला लावते. एक दिवस श्वास न घेताही हात वाकेल."

"आणि श्वासाचं काय?"

"त्याला बाकीच्या बरगड्या आहेत."

"म्हणजे भाडेकरू घरमालक होणार," दादा म्हणाले. ती हसली, पण किती दिवसांत ते तिने सांगितलं नाही. ते तिलाही माहीत नव्हतं.

दुकान दोघा भावांचं होतं. धाकटा बाहेर जाऊन काचा बसवायचा आणि दादा टेबलावर कापायचे. टेबल वडिलांच्या वेळचं, वर जुनं जाड कापड ताणून बसवलेलं, कोपऱ्यात रॉकेलची बाटली आणि तिच्यात उभा कटर. अपघातानंतर धाकट्याने दोन्ही कामं ओढली. ओढता ओढता त्याचं वजन उतरलं.

"दादा, पुढच्या आठवड्यापासून एक कारागीर येतोय," तो एका सकाळी म्हणाला. "तू काउंटरला बस. माझ्याशी बोललं की गिऱ्हाईक पळून जातं, तुझ्याशी बोललं की चहा पिऊन जातं."

"टेबल?"

"टेबलावर तो." धाकट्याने मापाची टेप उगाच उघडून मिटली. "तू बरा झालास की मग बघू ना."

दादांनी मान हलवली. बरा झाला की, म्हणजे कधीच नाही, हे दोघांनाही कळलं होतं. काउंटरवर बसलेला काचवाला हा नुसता दुकानदार असतो. कारागिराचं सामान एकदा टेबलावर मांडलं गेलं, की ते हलवायला सांगणं दादांच्या स्वभावात नव्हतं.

धाकटा कामावर गेल्यावर त्यांनी एक टाकाऊ तुकडा टेबलावर ठेवला. डाव्या हाताने पट्टी दाबून धरली. डाव्या हाताने कापून पाहण्याचा प्रयोग त्यांनी आधीच केला होता; तो हात जन्मभर पट्टी धरण्यात मुरलेला, रेघ ओढताना तो शाळेतल्या पोरासारखा अडखळायचा. उजव्या हातात कटर घेऊन त्यांनी काचेच्या पलीकडच्या कडेवर टेकवला आणि आपल्याकडे ओढायला गेले.

हात हललाच नाही.

पुन्हा प्रयत्न केला. नाही. बाटली उचलणाऱ्या हाताला पेनाएवढा कटर ओढवेना. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी धाकट्याने टेबलावरचा तुकडा पाहिला, त्यावर एकही ओरखडा नव्हता. "भीती बसलीय तुझ्या मनात," तो हळूच म्हणाला. दादांना ते पटलं नाही, पण दुसरं कारणही सापडेना.

चौथ्या दिवशी दुपारी बायको चहाचा थर्मास घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली. दादा कापत असताना बोलायचं नाही, आत यायचं नाही, हे लग्न झाल्यापासूनचं होतं. इतक्या वर्षांत तिने उंबऱ्यात उभं राहून त्यांची पाठ जितकी पाहिली होती तितका चेहरा पाहिला नसेल. आताही ती पाठ पाहत राहिली. पट्टी बसली, कटर टेकला, ओठ मिटले, आणि पाठ दगडासारखी स्थिर झाली. त्याबरोबर हातही.

"अहो," ती नियम मोडून म्हणाली, "तुम्ही श्वास कुठे घेताय?"

"कापताना कोण श्वास घेतं?" दादा वैतागले. "छाती हलली की रेघ हलते. बाबांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

"मग मी काय म्हणतेय?"

दादांनी कटरकडे पाहिलं, मग स्वतःच्या छातीकडे. कटर काचेला लागला की श्वास आपोआप थांबत होता. आपण तो थांबवतोय हेसुद्धा त्यांना कळत नव्हतं. आणि हात तर आता श्वासावरच चालत होता.

त्यांनी सगळी हवा बाहेर सोडली. कटर पुन्हा टेकवला. मग फार खोल पेल्यातून नळीने काही ओढून घ्यावं तसा श्वास हळूहळू आत घ्यायला लागले. कोपर वाकू लागलं. कटर काचेवर बारीक आवाजात बोलला, सर्र, मधे न तुटता, आणि श्वास भरला तिथे थांबला. काचेच्या मध्यावर. थांबलेली रेघ पुढे जोडायची नसते, तिच्यावरून दुसऱ्यांदा कटरही फिरवायचा नसतो, काच खराब होते, कटरही. म्हणजे श्वास जितका, रेघ तितकीच.

"वीतभर," दादा म्हणाले.

"वीतभर काचेचं काही होत नाही का?"

"फोटोच्या फ्रेमा होतात. हातातले आरसे होतात."

"मग?" ती आत आली आणि तिने थर्मास टेबलावरच ठेवला.

संध्याकाळी धाकटा आला तेव्हा टेबलाच्या टोकाशी लहान काचांची चळत होती. निम्म्या वाकड्या तुटलेल्या, निम्म्या सरळ. त्याने एका सरळ काचेच्या कडेवरून नख फिरवलं, आणि मग बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

"कारागीर येऊ दे," दादा म्हणाले. "मोठ्या काचा त्याच्या. टेबलाचं हे टोक माझं."

तसंच झालं. कारागीर बोलायला फटकळ होता. "मालक श्वास घेतात की काच पितात?" असं त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, पण टोकावर कधी सामान ठेवलं नाही. दादांचा श्वास लांबत गेला, रेघ वितीची हातभर झाली. फ्रेमवाले येऊ लागले. आणखी एक वर्ष असंच गेलं.

एका दुपारी दादा कापत असताना बायकोने उंबऱ्यातून विचारलं, "कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत?"

"खुंटीवर," दादा म्हणाले.

मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. बोलताना श्वास बाहेर जातो. श्वास बाहेर गेला होता आणि रेघ चालूच होती. दादांनी ती काठापर्यंत नेली, काच टेबलाच्या कडेवर घेतली आणि तोडली. स्वच्छ निघाली.

फिजिओच्या मुलीने त्यांना श्वास सोडायला लावून हात वाकवायला सांगितला, श्वास रोखून वाकवायला सांगितला, शेवटी पाढे म्हणत वाकवायला सांगितला. "झाला तुमचा भाडेकरू मालक," ती म्हणाली. घरी येताना दादा बायकोला म्हणाले, "आता मोठी काच."

ती वेळ लवकरच आली. कारागीर रजेवर होता आणि एका दुकानाच्या दर्शनी भागाची काच त्याच दिवशी हवी होती. दोघा भावांनी ती टेबलावर आडवी घेतली. पलीकडचा काठ लांब, टेबलभर लांब गेला.

"दादा, काढतोस?" धाकट्याने विचारलं. कटर त्याने आधीच पुढे केला होता.

दादांनी कटर घेतला, काचेवर वाकले आणि हात पलीकडे नेऊ लागले. कोपर सरळ झालं, हवं तसं. खांदा अर्ध्यावर थांबला. त्यांनी अंग आणखी झुकवलं. कटर काठापासून हातभर अलीकडेच राहिला. खांद्याच्या नसेने जेवढं द्यायचं तेवढं देऊन झालं होतं.

"तू काप," दादा म्हणाले. "मी पट्टी धरतो."

धाकट्याने कापली. दोघांनीही श्वास रोखला होता आणि उंबऱ्यात थर्मास घेऊन उभ्या असलेल्या तिनेही. रेघ एका दमात आली. काच रेघेवर तुटली.

"बाबा असते तर शाबासकी दिली असती," दादा धाकट्याला म्हणाले. मग पट्टी भिंतीला टेकवून ते टेबलाच्या आपल्या टोकाशी आले आणि उजवा हात कापडावर ठेवून उभे राहिले. त्यांची छाती वर गेली, तशीच क्षणभर राहिली, आणि सावकाश खाली आली.

सवयीने तिने हाताकडे पाहिलं. तो कापडावर होता तिथेच होता.

"काय झालं?" तिने कप पुढे करत विचारलं.

"कुठे काय," दादा म्हणाले, आणि उजव्या हाताने कप घेतला.

ती आणखी थोडा वेळ हाताकडे बघत राहिली. तो काही बोलला नाही.