मारुतीचा मिचकावणारा दिवा

संध्याकाळचे सात वाजले की पोखर्णीच्या अलीकडच्या त्या वाडीत मारुतीच्या देवळापुढे पाय ठेवायला जागा उरत नसे. पार पिंगळीहून माणसं यायची. कारण मारुतीच्या डोक्यावरचा दिवा बोलू लागला होता. कुणी हात न लावता तो मिचकावायचा. एकदा मिचकावला तर 'न्हाई', दोनदा मिचकावला तर 'व्हय', असा अर्थ सिताराम बुवांनी लावून दिला होता.

"इचारा, इचारा! प्रश्न खरा तर उत्तर खरं! हे बघा माझे हात, कुटं बटन दिसायलंय का?" बुवा दोन्ही हात वर करून ओरडायचे. सप्ताहात मृदंग वाजवायला आलेले हे बुवा सप्ताह संपला तरी हलले नव्हते. दिवा का मिचकावतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण लोक दूध-केळी आणून पाया पडतात, एवढं मात्र कळलं होतं.

सगळ्यांत जास्त जळफळाट झाला तो बन्सीधर गुरुजींचा. गुरुजी विज्ञानाचे निवृत्त मास्तर. लिंबातलं रक्त, नारळातला जाळ, सगळं त्यांनी भर सभेत उघडं पाडलेलं. त्यांच्या घरात आणि देवळात एकच भिंत. तीन संध्याकाळी ते देवळात ठाण मांडून बसले. छताची वायरिंग तपासली. मूर्तीमागे मात्र बुवा जाऊ देईनात. आणि गुरुजी बसलेले असेपर्यंत दिवा ढिम्म.

"नास्तिक समोर असला की देव पापणी हलवीत न्हाई," बुवा म्हणाले. लोक हसले. गुरुजी कानकोंडे होऊन घरी आले.

घरी वेगळीच कटकट होती. दिवाळीला लेक प्रियांका पुण्याहून स्मार्ट प्लग आणि त्यांचा हब घेऊन आली होती. "हब म्हणजे मुकादम, बाबा. तुम्ही फोनवरून मुकादमाला सांगायचं, तो वायफायवरून प्लगला सांगतो." गुरुजींनी महिनाभर आल्यागेल्याला फाटकावरचा बल्ब फोनवरून लावून दाखवला. पण सप्ताहापासून बल्ब ऐकेना. फोनवर 'बंद' दिसायचं, बल्ब आपला चालूच. देवळात नसले की गुरुजी रोज सातला खुर्चीत बसून बटण दाबायचे, चिडून पुन्हा दाबायचे आणि कंपनीचा उद्धार करायचे. प्लग एकदा डोळ्यांनी बघावा, हे विज्ञानाच्या मास्तरांना काही सुचलं नाही. त्या जागेपुढे सोयाबीनची पोती होती आणि गुरुजींची कंबर दुखत होती.

अशात त्यांची थोरली बहीण चांगुणाबाई चक्कर येऊन पडली. परभणीच्या दवाखान्यात सलाईन लागलं. गोळ्या बंद केल्याने साखर भलतीच वाढली होती. आणखी दोन दिवस गेले असते तर हाती लागली नसती, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"आक्का, गोळ्या कुणी बंद करायला लावल्या?"

"दिव्यानं. 'गोळ्या सोडू का' म्हणून इचारलं. दोनदा मिचकावला."

गुरुजी संतापून घरी आले. "आज त्या बुवाला सोडत नाही!"

त्यांची बायको पार्वतीबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "अहो, तुमी देवळात बसला की दिवा गप. तुमी घरी फोन घेऊन बसला की नाचायलाय. मग नाचवायलंय कोण?"

"म्हणजे?"

"सप्ताहाला आपलं एक्स्टेन्शन बोर्ड तुमीच दिलं की. 'घ्या, वापरा जरा विज्ञान' म्हणून. तुमचा पांढरा प्लग त्यालाच व्हता. मी मग बल्ब सरळ भिंतीतल्या सॉकेटात खोसला. सप्ताहाला दिलेलं सामान कवा वापस आलंय का आपल्याकडं?"

आक्का प्रश्न विचारत होती, तेव्हा भिंतीच्या अलीकडे बटण दाबणारं बोट गुरुजींचं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या संध्याकाळी ते गर्दीसमोर उभे राहिले आणि फोन वर धरून बटण दाबलं. दिवा गेला. पुन्हा दाबलं, आला. मग मूर्तीमागे हात घालून त्यांनी बोर्ड ओढून काढला, पांढऱ्या प्लगसकट. बुवा मृदंगाला गवसणी घालू लागले होते.

"गुरुजी, तुमच्याच बोटात शक्ती हाय!" म्हणत एकाने त्यांचे पाय धरले.

"अरे, पाय सोड, प्लग बघ!" गुरुजी कळवळून म्हणाले. "तीस वर्षं मी तुम्हाला 'तपासून बघा' म्हणून सांगितलं आणि घरचा प्लग तपासला नाही. माझ्यासारखे गाढव होऊ नका. दिवा लागला तर वायर कुठं जाते ते बघा. गोळी सोडायची तर डॉक्टरला विचारा. दिव्याला नाही, बुवाला नाही, मलासुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी आक्काला सगळं सांगितलं.

"देव बोलत न्हाई म्हणून जलमभर भाषणं ठोकलीस, बन्सी. अन् बोलला तवा तूच निघालास."

गुरुजींनी मान खाली घालून गोळी पुढे केली. आक्काने ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली.

"डॉक्टरनं हीच सांगितलीय ना?" ती म्हणाली. "जा, इचारून ये."