चढाला उतरणारी माणसं

"किल्ली मागायला आलायसा, तर आधी च्या प्या," आक्का म्हणाल्या. "किल्ली काय मी देणार न्हाय."

शिरोलीच्या आमच्या कारखान्यातून मी टेम्पो घेऊन आले होते. शाहूवाडीतल्या या वाडीला चाचणीसाठी दिलेली सहा जणांची छोटी इलेक्ट्रिक गाडी आज परत न्यायची होती. तिची मांडणी मीच केलेली. आसनांखालचा वजन मोजणारा सेन्सरही माझाच. बेचाळीस दिवसांत त्याने पाठवलेल्या प्रत्येक नोंदीत गाडीत एकच माणूस होतं. सामायिक वापर शून्य. विजयसिंह सरांनी ठरवलं, गाडी दुसऱ्या गावाला द्यायची.

मी कागद पुढे केला. आक्कांनी तो डोळ्यांजवळ धरून वाचला.

"एकच माणूस? म्हंजी मी एकटीच फिरतोय व्हय हवा खात?"

"सेन्सर खोटं सांगत नाही, आक्का."

"मग आमी सांगतोय व्हय? बसा गाडीत."

हिराबाई त्यांचं नाव, पण सगळी वाडी त्यांना आक्काच म्हणते. पंचवीस वर्षं सकाळ-संध्याकाळ डोक्यावर किटली घेऊन त्या खिंडीपलीकडच्या दूध संस्थेत चालत गेल्या. चौपन्नाव्या वर्षी ही गाडी शिकल्या. मुलगा म्हणाला होता, "आई, पडशील." त्या म्हणाल्या, "पडलो तर उठंन की." आता वाडीतल्या चार घरांचं दूध त्यांच्या गाडीतून जातं. गाडी गेली, की किटल्या पुन्हा डोक्यावर.

कॉलेजला निघालेली क्रांती, गुडघ्याचं औषध आणायला निघालेले केरबा आणि किटल्या घेतलेल्या दोघी जणी बसल्या. सहावी मी. मोबाईल ब्लूटूथने जोडून सेन्सरचा आकडा पाहिला. सहा जणांचं वजन बरोबर दाखवत होता. मग चुकलं कुठं?

खिंडीच्या पायथ्याशी आक्कांनी ब्रेक लावला. सगळे उतरले. केरबासुद्धा.

"काका, तुम्ही तरी बसा," मी म्हणाले.

"गुडघा गेलाय, पोरी. रीत न्हाय गेली," म्हणत ते चालू लागले.

मीही उतरले. आक्का एकट्या गाडी चढवत होत्या, बाकीचे मागून. वाडीत रेंज नाही. निम्मा चढ झाल्यावर मोबाईल थरथरला, सेन्सरची नोंद आली, गाडीत एक माणूस, आणि मला सगळं कळलं. सेन्सर नोंद साठवत नाही. प्रत्येक फेरीत पहिल्यांदा रेंज मिळेल त्या क्षणाचं वजन एकदाच पाठवतो. रेंज मिळते ती चढावर, आणि चढावर गाडीत असतं एकच माणूस. बेचाळीस दिवस त्याने खरंच सांगितलं होतं. त्याला विचारायचं कधी, हे मी चुकीचं ठरवलं होतं.

मी सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"ऐकायला छान आहे, अनुजा," ते म्हणाले. "पण मला नोंद पाहिजे. एकदा सहा जण चढावर दिसू देत, गाडी ठेवू."

माथ्यावर गाडी थांबली होती. मी आक्कांना सांगितलं, "गाडी पायथ्याला घेऊ, सगळे बसून एकदा वर येऊ. दोन मिनिटांचं काम."

"का म्हणून?"

"मोटर दमत नाही, आक्का. मी हिशेब केलाय. तुम्ही सगळे उतरून जेमतेम दोन किलोमीटरची वीज वाचते."

"दमत नसंल. आमाला लाज हाय की! बैल असू दे न्हायतर मोटर, चढाला बसून ऱ्हायचं आमच्यात न्हाय."

"मग गाडी जाईल."

"जाऊ दे. पंचवीस वरसं डोक्यावर न्हेलंय, मान मोडली न्हाय अजून. तुमच्या मशिनला खरं पटावं म्हणून मी खोटं बसू?"

दोघींपैकी एक जण म्हणाली, "आक्का, एक डाव बसूया की." आक्कांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

मी पुन्हा फोन लावला.

"सर, नोंद मिळणार नाही. गाडी इथंच राहतेय. टेम्पो रिकामा पाठवते."

"कुणाच्या परवानगीनं?"

"माझ्या सहीनं."

"उद्या ऑफिसात ये. मग तुझं बघतो."

"येते, सर."

मागून टेम्पो घेऊन आलेल्या आमच्या ड्रायव्हर सम्राटला मी शिरोलीची वाट दाखवली. त्याने दोनदा विचारलं, "नक्की का, मॅडम?" आणि गेला.

वळून पाहिलं, तर माझ्या जागेवर एक बाई मांडीवर किटली घेऊन बसली होती. धनगरवाड्यातून खाली येऊन ती रोज इथं थांबते, असं क्रांतीने सांगितलं.

"ही जागा तिची हाय," आक्का म्हणाल्या. "तुमी या चालत. उतारच हाय."

सहा माणसं आणि किटल्या घेऊन गाडी उतरणीला लागली. कुणी मागं वळून पाहिलं नाही. संस्थेची वेळ होत आली होती. मी बॅग खांद्यावर घेतली आणि त्यांच्या मागून चालू लागले.