सूर्यफुलाच्या पानावरचे चावे

प्रयोगशाळेत त्यांना सगळे अळीमावशी म्हणत, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. एकोणीस वर्षं किडे वाढवण्यात घालवलेल्या बाईला लोकांनी दुसरं म्हणावं तरी काय? सध्या त्यांच्या ताब्यात होते गाजरगवतावर जगणारे भुंगेरे. तुरीच्या दाण्याएवढे, पिवळट अंगावर तपकिरी रेघा ओढलेले. अळी असो की पंख फुटलेला भुंगेरा, दोघांचं काम एकच, गाजरगवताचा फडशा पाडायचा. मावशी रोज सकाळी कोवळे शेंडे खुडून आणत, जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवत आणि म्हणत, "घ्या रे बाळांनो, गिळा!"

भुंगेरे मूळचे परदेशातले, गाजरगवतही तिथलंच. गवत इकडे आलं तेव्हा त्याला खाणारं कुणी सोबत आलं नाही, म्हणून ते रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर, शाळेच्या मैदानात कंबरभर माजलं. आता हे भुंगेरे बाहेर सोडायचे, तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं होतं. गवत संपल्यावर ही मंडळी पिकांवर तर तुटून पडणार नाहीत? त्यासाठी तीन वर्षं एकेका पिकाची परीक्षा चालली होती. पिंजऱ्यात उपाशी भुंगेरे आणि समोर फक्त ते एकच रोप. एकेचाळीस पिकांना त्यांनी तोंडसुद्धा लावलं नव्हतं. शेवटचं राहिलं होतं सूर्यफूल, आणि सूर्यफूल पडलं गाजरगवताच्याच कुळातलं.

मावशींना या सगळ्याची घाई होती ती थोरल्या भावासाठी. दादा निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं गवतातून वाट काढत त्यांनी पत्रं वाटली आणि ते गवत त्यांच्या कातडीला बाधलं. आता गवत फुलायला लागलं की दादांच्या पापण्या सुजत, मानेची आणि कोपरांची कातडी चामड्यासारखी जाड होऊन तिला चिरा पडत. मलमाने खाज कमी व्हायची, पण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, गवत फुललेलं असेपर्यंत बाहेर पडायचं नाही. ज्या माणसाला गावातलं प्रत्येक दार आणि प्रत्येक दारातलं कुत्रं ओळखत होतं, तो वर्षातले सात महिने बंद खिडकीमागे बसून असे. घरात ही दोघंच. मावशी कामावरून आल्या की दादांचा प्रश्न ठरलेला, "काय गं, कधी सुटणार तुझी पलटण?" मावशींचं उत्तरही ठरलेलं, "आता लवकरच."

सूर्यफुलाची परीक्षा संपली त्या दिवशी मॅडमनी मावशींना खोलीत बोलावलं. मॅडम म्हणजे प्रयोगाच्या मुख्य शास्त्रज्ञ. मावशींहून वीस वर्षांनी लहान, पण कामात काटेकोर. त्यांच्यापुढे पांढऱ्या कागदावर सूर्यफुलाचं एक पान ठेवलेलं होतं.

"खाल्लंय, मावशी," मॅडम म्हणाल्या. "फार नाही. पण चार रोपांवर खाल्लंय. परवानगी देणाऱ्या समितीला एवढं पुरे आहे."

"म्हणजे आता?"

"शुक्रवारी समितीची बैठक आहे. सगळे भुंगेरे फ्रीझरमध्ये ठेवून मारायचे आणि फाइल बंद करायची. दुसरं काय करणार?"

मावशींनी पान उचलून उजेडात धरलं. भुंगेरा पान खातो ते कडेकडेने, कुरतडत. इथले चावे मात्र देठापासून टोकापर्यंत ओळीत होते, मधल्या शिरेला धरून एक ओळ, तिच्या दोन्ही बाजूंना तिरक्या दोन. मावशी कुंचला असाच फिरवत. आधी मधोमध, मग डावीकडे, मग उजवीकडे. एकोणीस वर्षं हात तसाच चालत आला होता.

झालं होतं असं, की परीक्षेचं रोप पिंजऱ्यात ठेवण्याआधी त्याची पानं मऊ कुंचल्याने झाडायची पद्धत होती. गवताच्या खोलीतला कुंचला लाल दांड्याचा, पिकांच्या खोलीतला पांढऱ्या दांड्याचा. याचा त्याला लावायचा नाही, हा नियम मावशींनी स्वतःच नव्या लोकांना ओरडून ओरडून शिकवलेला. पण सूर्यफूल पिंजऱ्यात ठेवायचं त्या सकाळी दादांचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. त्यांना दवाखान्यात नेऊन आणता आणता उशीर झाला. मावशी धावतपळत आल्या, पांढरा कुंचला धुऊन ओला पडलेला, आणि लाल मात्र एप्रनच्या खिशात हाताशीच होता. त्यांनी तो झटकला, चांगला दोनदा झटकला, आणि काम उरकलं. गाजरगवताचे पराग पिठाहून बारीक असतात, ते दोनदा झटकून जात नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? उपाशी भुंगेऱ्यांना त्या परागाचा वास लागला असणार. आणि वहीत, 'कुंचला' या रकान्यात, मावशींनी लिहिलं होतं 'पांढरा'.

 मावशींनी पान कागदावर ठेवलं आणि त्या मूग गिळून बाहेर आल्या.

संध्याकाळी घरी दादांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मावशींनी चप्पल काढता काढता सांगून टाकलं, "नाही सुटणार. पलटण संपली. सूर्यफूल खाल्लं त्यांनी."

 दादा हसून म्हणाले, "जाऊ दे गं. माझी आणि या खाजेची आता जुनी ओळख आहे. ती गेली असती तर मला करमलं नसतं."

त्यांनी रागवायला हवं होतं. रागावले असते तर मावशींना सोपं गेलं असतं. हा माणूस सुजल्या डोळ्यांनी आपलीच समजूत काढतोय हे बघून त्यांना राहवेना, आणि त्यांनी कुंचल्याची सगळी हकीकत सांगितली. 

"सांगितलं तर नोकरीवर येईल," मावशी म्हणाल्या. "वहीत खोटं लिहिलंय मी. आणि सांगूनही काय उपयोग? कुणास ठाऊक, परागासाठी नाही, पानासाठीच खाल्लं असेल त्यांनी!"

"माझ्या पिशवीच्या अस्तरात एकदा एक पत्र अडकलं होतं," दादा म्हणाले. "तीन आठवडे. त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलीचं, शिक्षिकेच्या नेमणुकीचं. सापडलं तेव्हा मुदत टळून गेली होती. मी गुपचूप पेटीत टाकून आलो. तिला वाटलं, सरकारनेच उशिरा पाठवलं."

"मग?"

"मग काय? नंतर वीस वर्षं मी तिच्या दारी पत्रं टाकली. ऊन असलं की ती मला पाणी आणून द्यायची. ते पाणी मला कधी गोड लागलं नाही बघ." दादांनी मान खाजवली. "याला मलम आहे. त्याला नाही."

दुसऱ्या दिवशी मावशी मॅडमच्या खोलीत गेल्या आणि उभ्याउभ्याच बोलल्या. मॅडमचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"तुम्ही? मावशी, तुम्ही असं करावं? दुसरं कुणी असतं तर मला एवढं लागलं नसतं. तीन वर्षांच्या सगळ्या वह्या तुमच्या हातच्या आहेत. एक नोंद खोटी, तर बाकीच्या खऱ्या कशावरून, असं उद्या समितीने विचारलं तर मी काय सांगू?"

"बाकीच्या खऱ्या आहेत," मावशी म्हणाल्या. "पण मी म्हणतेय म्हणून कुणी मानायला नको, हेही कळतंय मला."

मॅडमनी सूर्यफुलाची वही पुढ्यात ओढली आणि ती नोंद शोधली. मग त्यांनी विचारलं, "आणि परीक्षा परत घेतली, आणि परत खाल्लं तर?"

"तर मी माझ्या हाताने फ्रीझरमध्ये ठेवीन."

समिती म्हणजे सात खुर्च्या आणि चहाचे चौदा कप, तिथून एरवी एक कागद हलायला वर्ष लागतं. पण मॅडम त्यांच्याशी कडाकडा भांडल्या आणि एक संधी मिळवून आल्या. सूर्यफुलाची रोपं दुसऱ्या इमारतीत वाढवायची. रोपाला हात फक्त मॅडमनी लावायचा. एकाही रोपावर एक जरी चावा दिसला, तरी प्रकरण कायमचं बंद. मावशींना लेखी ताकीद मिळाली आणि पिकांच्या खोलीत पाऊल टाकायची बंदी झाली. त्यांनी दाराच्या काचेतून बघावं, एवढंच मॅडमनी चालवून घेतलं.

साठ भुंगेरे सूर्यफुलावर सोडले, साठ शेजारच्या खोलीत गाजरगवतावर. गवतावरच्यांना काय, ते दुसऱ्याच दिवशी खाऊन टम्म झाले आणि अंडी घालायला लागले. सूर्यफुलावरचे नुसते फिरत होते. वर चढायचे, खाली उतरायचे, जाळीला जाऊन धडकायचे. मावशी काचेला नाक लावून उभ्या राहत. ज्यांना एक वेळ शेंडे उशिरा दिले तरी मावशींचा जीव खालीवर व्हायचा, ते उपाशी राहावेत म्हणून त्या आता मनातल्या मनात विनवण्या करत होत्या. स्वतःचीच त्यांना लाज वाटत होती, आणि दुपारचा डबा त्या उघडतही नव्हत्या. हाकेच्या अंतरावर शेंड्यांची टोपली भरलेली होती.

चौथ्या दिवशी एक भुंगेरा पानाच्या कडेला येऊन थांबला, डोकं खाली घातलं आणि तसाच राहिला.  "नको रे," त्या पुटपुटल्या. "तेवढं नको." संध्याकाळी मॅडमनी भिंग लावून ते पान तपासलं आणि काचेपलीकडून मान हलवली. काही नव्हतं.

सहाव्या दिवशी पहिला भुंगेरा खाली पडला. दुसऱ्या दिवशी तीन, मग नऊ, मग सतरा, मग एकोणतीस. मावशी दुरून मोजत. काही जण उताणे पडून तासन्‌तास पाय हलवत राहत, आणि त्यांच्यापासून बोटभर अंतरावर हिरवंगार, रसरशीत पान असे. अकराव्या दिवशी सकाळी एकच उरला होता, वरच्या पानाच्या मधोमध. दुपारी बारा वाजता तोही घरंगळला.

मॅडम बाहेर आल्या त्या काचेची बशी घेऊन. बशीत साठ भुंगेरे होते. "एक चावा नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "दोनशे अठरा पानं बघितली मी. एकावरही नाही."  मावशींनी बशी हातात घेतली आणि तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसून, लहान मुलीसारख्या रडल्या. मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. आज घरी जा, असं त्यांनीच सांगितलं.

भर दुपारी बहिणीला दारात बघून दादा खुर्चीवरून उठले. तिचे डोळे बघून त्यांना काय समजायचं ते त्यांनी समजून घेतलं.

"सगळे गेले, दादा," मावशी म्हणाल्या. "एकूण एक."

"फ्रीझरमध्ये?"

"नाही. उपाशी गेले. अकरा दिवस समोर पान होतं. तोंड नाही लावलं त्यांनी."

 दादांनी सावकाश विचारलं, "म्हणजे गवतावरचे सुटणार?"

"सुटणार. कागद व्हायला एखादं वर्ष जाईल. पण सुटणार."

दादांनी खिडकीबाहेर पाहिलं. पलीकडचा प्लॉट पांढऱ्या फुलांनी भरून गेला होता. बहिणीकडे वळून त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, जणू कितीतरी दिवसांनी बघत होते. गळ्याची हाडं वर आलेली, ब्लाउज खांद्यावर ढिला झालेला.

"आणि तू?" त्यांनी विचारलं. "तू कधीपासून उपाशी आहेस?"

 दादांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, सदऱ्याच्या बाह्या सावरल्या आणि आत जाऊन गॅस पेटवला.