आज बाकी काही नाही

परीक्षेला महिना उरला तेव्हा तिने ठरवलं, दोनपैकी एकच ॲप ठेवायचं. दोन्ही सांभाळण्याइतकं त्राण अंगात नव्हतं.

शिक्षणाने ती नर्स, पण या परक्या देशातल्या हॉस्पिटलात मदतनीस. चादरी बदलायच्या, रुग्णांना अंघोळ घालायची, ताटं उचलायची. औषधांच्या गाडीला हात लावायचा तर इथल्या भाषेची परीक्षा पास व्हायला हवी होती. एकदा ती नापास झाली होती. दुसऱ्यांदा नापास झालं की पुन्हा बसता येत नाही, असा नियम होता.

दोन्ही ॲप्सचं तत्त्व एकच. शब्द विसरायच्या बेतात असला की तो पुन्हा समोर आणायचा. आठवला तर पुढची भेट लांबते, नाही आठवला तर तो लगेच परत येतो. पण एक ॲप रंगीत होतं. ते टाळ्या वाजवायचं, आणि एक दिवस चुकला की रडका चेहरा दाखवायचं. दुसरं करडं, सरकारी कचेरीसारखं. त्यात वॉर्डातल्या शब्दांचे पत्ते तिने स्वतः बनवले होते. पत्ता उलटायचा आणि चारपैकी एक बटण दाबायचं: पुन्हा, कठीण, बरं, सोपं. किती पत्ते बाकी आहेत, तो आकडा डोक्यावर कायम.

लॉकरच्या खोलीत तिच्या शेजारी कपडे बदलणारी मदतनीस रंगीत ॲपवाली होती. तिचं तोंड मिटत नसे, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत.

"तुझं ते करडं उघडलं की मला उगाच ओरडा बसल्यासारखं होतं," टकळी म्हणाली.

"तुझ्या रंगीत ॲपने काल काय शिकवलं?"

"माझ्या काकांच्या घोड्याला चष्मा हवा आहे."

"कुठल्या वॉर्डात असतो घोडा?"

"हस, हस. उद्या आलाच भरती व्हायला, तर त्याच्याशी बोलायला मला बोलावशील."

पहाटेच्या बसमध्ये ती पेंगत पेंगत पत्ते उलटायची. किती झाले ते तिचं तिलाच आठवत नसे. दुपारी घरी आली की आडवी व्हायची, ती थेट संध्याकाळी उठायची. आधी करड्या ॲपमधला ढीग नुसता वाढत होता. मग तो उतरू लागला. एका संध्याकाळी चहा घेताना तिने पाहिलं, तर आकड्याच्या जागी लिहिलं होतं: आज बाकी काही नाही. म्हणजे डोक्यात शिरतंय, असं तिला वाटलं. तिने रंगीत ॲप काढून टाकलं. टकळीला सांगितलंही, "निकाल लागला. करडंच बरं."

पुढच्याच आठवड्यात वॉर्डातल्या खिडकीजवळच्या आजींनी पायाकडे बोट दाखवून एक शब्द उच्चारला. मग पुन्हा उच्चारला, जरा मोठ्याने, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा. तिला तो कळेना. शेवटी औषधांची गाडी सोडून सिस्टर आली आणि तिने पायावरची सूज बोटाने दाबून पाहिली. त्या शब्दाचा अर्थ सूजच होता. त्याचा पत्ता तिने स्वतः बनवला होता.

मधल्या सुट्टीत तिने ॲपमध्ये तो पत्ता शोधला. पुढची भेट परीक्षेनंतर कितीतरी महिन्यांनी. दाबलेलं बटण: सोपं. तिने गुंगी शोधली, खाज शोधली, उचकी शोधली. सगळ्यांवर सोपं, आणि वेळा सगळ्या दुपारच्या. दुपारी ती झोपलेली असायची.

घरी नवरा दुसऱ्या पाळीला निघाला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हत्यारांची पिशवी खांद्याला होती, एक बूट पायात आणि एक हातात.

"माझे पत्ते तू दाबतोस?"

तो खूश झाला. "कळलं होय तुला? अगं, तू मेल्यासारखी पडलेली असतेस. उठल्या उठल्या तो ढीग बघून तुझं तोंड उतरायचं. म्हटलं, जाता जाता आपण उरकून टाकू."

"सोपं सोपं करत?"

"त्यानेच तर लवकर संपतात."

ती पलंगावर बसली. ओरडायचं होतं, पण त्यालाही जोर लागतो. सोपं म्हटलं की शब्द कुठे जातो, ते तिने त्याला सांगितलं. हातातला बूट त्याने खाली ठेवला.

"आता?"

"आता काय. परीक्षेपर्यंत एवढं भरून निघत नाही. आणि या वेळी नापास झाले, तर जन्मभर चादरी."

दुसऱ्या दिवशी तिने हेड सिस्टरला सांगून आपलं नाव पुढच्या परीक्षेत टाकलं. तोपर्यंत सहा महिने चादरीच. टकळी मात्र याच परीक्षेला बसणार होती.

सुट्टीच्या दिवशी तिने सगळे पत्ते पहिल्यापासून सुरू केले. आकडा एवढा मोठा आला की तिने त्यावर अंगठा ठेवला. नवरा भांडी पुसत मागे उभा होता. सूजचा पत्ता आला. ती बघत राहिली. परवाच पाहिला होता, तरी आठवेना.

"सूज," तो मागून म्हणाला.

तिने मान वळवली. "तुला कसं येतं?"

"सुरुवातीला मला बटणं कळायची नाहीत. मी पहिलंच बटण दाबायचो, 'पुन्हा'. हा मेला रोज परत यायचा."

तिने मान परत फोनकडे वळवली. मग 'पुन्हा' हे बटण दाबलं.