पाकीटवाली बाई

कोरियन मालिकांबद्दल सरिताबाई खंदारेंचं मत विचारावं लागत नसे, ते न विचारताच मिळायचं. हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या एका उपकेंद्रात त्या वीस वर्षं नर्स होत्या. गुरुवारचं लसीकरण आटोपलं, रडकी लेकरं आयांच्या कडेवर बसून घरी गेली, की बाईंचं कोर्ट बसायचं. ऐकायला शिवकन्या राठोड असायची. साखऱ्याकडच्या तांड्यावरची ही पोरगी दोन वर्षांपूर्वी कंत्राटावर नर्स म्हणून आली होती. मालिकांचं वेड तिनंच बाईंना लावलं, पण शिष्य गुरूच्या वरचढ निघाला.

राजेराजवाड्यांच्या मालिकेत, बाईंच्या मते, राजाकडे बघायचंच नाही, त्याच्या काढ्याच्या वाटीकडे बघायचं. वाटी कुणी आणली ते कळलं की पुढचे दहा भाग कळले. भुताखेतांच्या मालिका त्यांना पसंत होत्या, कारण तिकडची भुतं गाऱ्हाणं ऐकून घेतलं की निमूट निघून जातात, आपल्याकडच्यांसारखं कोंबडं मागत नाहीत. डॉक्टरांच्या मालिकांवर मात्र त्यांचा दात होता. "सलाईन असं लावतेत व्हय? आधी शीर तरी बघ म्हणावं." ऑफिसातल्या प्रेमात तो मालक, ती कामाला, आणि नवव्या भागापर्यंत साधा हात धरत नाहीत. "इतक्यात आपल्याकडं लेकराचा दुसरा डोस होतो," बाई म्हणायच्या. तरीही सोळा भागांत सगळं मिटतं, यालाच त्या सभ्यता म्हणत. आपल्या मालिकांत सासू सोळा वर्षं जिन्यावरच उभी असते.

आणि एका बाईवर त्यांचा जन्माचा राग होता. प्रेमाच्या प्रत्येक दुसऱ्या मालिकेत ती येतेच. पोराची श्रीमंत आई गरीब पोरीला हॉटेलात बोलावते, टेबलावर पैशांचं पाकीट सरकवते आणि माझ्या मुलाला सोड म्हणते. बाईंनी तिचं नाव पाकीटवाली ठेवलं होतं. "अशीला चपलीनं मारावं," त्या म्हणायच्या. "पोरीच्या डोळ्यांत बघायची हिंमत न्हाई, म्हणून पाकीट." शिवकन्या हसायची आणि पुढचा भाग लावायची.

दिवाळीला त्यांचा एकुलता एक आयुष नांदेडहून आला. तिथं तो बँकेत होता. सुटीला घरी असताना बाईंची गाडी बंद पडली की तो आईला आणायला उपकेंद्रात येई, आणि गेल्या वर्षभरात ती गाडी जरा जास्तच बंद पडत होती. तो म्हणाला, "आई, मला शिवकन्याशी लग्न करायचंय. तू खूश होशील म्हणून तुला पहिल्यांदा सांगून राहिलो."

बाई म्हणाल्या, "बघू."

दर जयंतीला महिला मंडळात जात मोडण्यावर बोलणारी ही बाई. टाळ्या पडायच्या. त्या रात्री मात्र त्यांनी पाहुण्यांची तोंडं एकेक करून आठवली. आपण बौद्ध, ती तांड्यावरची, कंत्राटी, आणि आयुषला तर चांगली चांगली स्थळं येत होती. बाबासाहेबांचा फोटो बैठकीत होता, त्या बैठकीत गेल्याच नाहीत. नाही म्हणायला तोंड नव्हतं आणि हो म्हणायला छाती नव्हती.

मग त्यांना जी युक्ती सुचली ती सुचायला अस्सल आपल्याकडचंच डोकं लागतं. हिंगोलीच्या बाजारातून त्यांनी चांगली मोरपंखी साडी घेतली, वर खण घेतला. गुरुवारी उपकेंद्रात आशा सेविका जनकाबाई होत्या, दोन मदतनीस होत्या, लसीला आलेल्या आया होत्या. त्या सगळ्यांच्या देखत बाईंनी शिवकन्याच्या हातात साडीचोळी ठेवली.

"मला लेक न्हाई," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "आन् आयुषला बहीण न्हाई. आजपासून तू माझी लेक."

बायांनी कौतुक केलं. शिवकन्या साडीकडे बघत राहिली. मग तिनं वाकून बाईंच्या पायाला हात लावला आणि लसींचं रजिस्टर भरायला बसली. बाई तिच्याकडे न बघता शीतपेटी पुसत राहिल्या.

आयुषला त्यांनी फोनवर सांगितलं, "अरे, ती तुला भाऊ मानते. तिच्या मनात तसलं काही न्हाई." त्यानंतर त्याचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, जेवलीस का एवढं विचारायचा आणि बंद व्हायचा. शिवकन्यानं महिनाभरात अर्ज करून सेनगावकडं दुसरं केंद्र मागून घेतलं. सगळं बाईंच्या मनासारखं झालं होतं, आणि त्यांना घास गोड लागत नव्हता.

कोर्टात आता जनकाबाई बसायच्या. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मोबाईलवर पुन्हा ती पाकीटवाली आली. बाईंनी सवयीनं तोंड सोडलं. चपलीनं मारावं, हिंमत न्हाई, सगळं म्हणून झालं.

जनकाबाई शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काहून तिला शिव्या देता बाई? तिनं निदान एकटीला बोलावून तरी सांगितलं."

म्हणजे जनकाबाईंना कळलं होतं. मदतनिसांनाही, आणि शिवकन्याला तर पहिल्या शब्दाला कळलं असणार. चार बायांसमोर त्यांनी त्या पोरीचं तोंड बंद केलं, तिला ओरडता येऊ नये म्हणून आधी माया दाखवली. बाईंना इतकी लाज वाटली की मोबाईल बंद करायचंही सुचलं नाही. पडद्यावरची पोरगी पाकीट परत सरकवत होती. शिवकन्याला तेवढीसुद्धा सोय ठेवली नव्हती.

रविवारी त्या तांड्यावर निघाल्या. शिवकन्याची माफी मागायची, तिच्या आईबापाकडे आयुषसाठी तिचा हात मागायचा, आणि मगच आयुषला फोन करायचा, असं ठरलं होतं. काय बोलायचं ते त्यांनी बसमध्ये तीनदा घोकलं.

तांड्याच्या तोंडाशीच शिवकन्या हापशावर दिसली. बाईंना बघून तिनं कळशी खाली ठेवली.

"पोरी, मी चुकले," बाई म्हणाल्या. घोकलेलं सगळं विसरलं होतं. "लेक-बिक सगळं खोटं व्हतं. मला पाहुण्यांची भीती वाटली. आयुषला पण मी खोटं सांगितलं. मी तुला मागायला आले."

शिवकन्यानं ओले हात पुसले. "मला तवाच कळलं व्हतं, बाई," ती म्हणाली. "घरी कसं सांगू? साडी बघून माय रडली आनंदानं. सरकारी बाईनं आपल्या पोरीला लेक मानलं म्हणून साऱ्या तांड्याला सांगत फिरली. तांड्याच्या नायकानं चार माणसं बसवली, गूळ वाटला. आमच्यात असं मानलं की ते पक्कं असतं. आता तुमचा पोरगा माझा भाऊ हाय."

"मी सांगते त्यायला. माझी चूक म्हणून सांगते."

"आन् माय? तिला काय सांगता, का तुमच्या पोरीला टाळायला साडी दिली व्हती?" शिवकन्याचा आवाज चढला नाही. "त्यायला न्हाई कळू द्यायचं. माझं लगन ठरलं वाशीमकडं. म्याच हो म्हणलं. नको असलेल्या घरी मी आता मागं वळून येत न्हाई, बाई."

बाई रडू लागल्या. मालिकांत रडताना त्यांना हलकं वाटायचं, इथं तसं काही झालं नाही. शिवकन्यानं पदर पुढं केला नाही आणि अडवलंही नाही. तिनं कळशी उचलली आणि म्हणाली, "तोंड धुवा. माय बघून राहिली."

खरंच घराच्या दारातून नानीबाई लगबगीनं येत होत्या. शिवकन्याची आई, उन्हानं रापलेली, हातात रुप्याचं कडं. त्यांनी बाईंचा हात धरून अंगणात नेलं, बाजेवर नवी गोधडी अंथरली आणि शेजारणींना हाका मारल्या. शिवकन्याची दुसरी याडी आली, असं त्या प्रत्येकीला सांगत होत्या. याडी म्हणजे आई, एवढं बाईंना कळत होतं.

"लय मोठं मन तुमचं," नानीबाई म्हणाल्या. "आमच्या पोरीला कोन इचारते? तुमी लेक मानलं. तवापासून हिचा बाप बी ताठ चालते." मग त्या जवळ सरकल्या. "लगनात तुमी माझ्या बराबर बसायचं. आन् आयुषला आणायचं. भाऊ म्हणून पोरीला मांडवात त्यानंच आणायचं, नायकानं ठरवलं. येईल ना तो?"

शिवकन्या चुलीपाशी चहा गाळत होती. तिचा हात थांबला, पण तिनं मान वर केली नाही.

"येईल," सरिताबाई म्हणाल्या. "मी घेऊन येते त्याला."

नानीबाईंनी समाधानानं मान हलवली. आयुषला हे कुठल्या तोंडानं सांगायचं, ते बाईंना ठाऊक नव्हतं. शेजारणी एकेक करून येत होत्या, वाकून बाईंच्या पाया पडत होत्या, आणि बाईंना पाय मागं घेता येत नव्हते.