अरिबाचा फुटबॉल

मित्रांनो, माझ्या पांढऱ्या अंगावर लाल रेक्झिनचा एक तुकडा शिवलेला आहे. बाकी सगळा मी कारखान्यात तयार झालो, पण तो तुकडा एरंडोलच्या हबीबभाईंनी लावला. ते मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवतात. गल्लीतल्या काटेरी कुंपणात मी फाटलो, तेव्हा गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून त्यांनी मला आधी शिवलं. कारण त्यांची लेक अरिबा दुकानाच्या पायरीवर डोळे पुसत बसली होती.

अरिबा तेव्हा दहा वर्षांची होती. शाळा सुटली की तिची मैत्रीण पुनम आणि गल्लीतली मुलं शाळेमागच्या मोकळ्या जागेत जमत. दोन विटा ठेवल्या की झाला गोल. किती गोल झाले, हे घरी जाताना कुणाला आठवत नसे. अरिबा मला पायाशी घेऊन धावताना मोठ्यानं हसायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस होते.

एकदा जळगावच्या एका क्लबचे समाधान सर शाळेत आले. अरिबाचा खेळ पाहून ते थेट दुकानात गेले.

"हबीबभाई, पोरीच्या पायात खेळ आहे. बारा वर्षांखालच्या संघात घेतो. आठवड्यातून पाच दिवस जळगावला यावं लागेल, आणि दर रविवारी सामना. दोन दिवसांत कळवा."

हबीबभाईंचा चेहरा उजळला. अरिबाची आई मेहरुन मात्र काळजीत पडली. घरी ती म्हणाली, "शाळा, मग एस.टी., मग मैदान. पोरगी जेवणार कधी? अभ्यास कधी करणार?"

"अशी संधी पुन्हा येते का?" हबीबभाई म्हणाले.

"आणि तिला नको असेल तर?"

"नको कशाला असेल? दिवसभर तेच तर खेळते!"

मित्रांनो, त्यांचंही खोटं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी अरिबा मला मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "जिंकायलाच पाहिजे म्हटलं की मला खेळावंसंच वाटत नाही. अब्बूंना कसं सांगू? ते किती खूश आहेत." हे फक्त मी ऐकलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण माझ्यात हवेशिवाय काय आहे?

दोन दिवसांनी समाधान सरांनी दुकानात येऊन सगळ्यांसमोर विचारलं, "काय अरिबा, यायचं ना?"

तिनं आधी अब्बूंकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो सर."

पुनमनं मला कवेत घेतलं. "तू जाय. मी शे ना आठे," ती म्हणाली. आमच्या अहिराणीत 'शे ना आठे' म्हणजे 'आहे ना इथं'.

तिकडे नवे चेंडू होते, म्हणून मी दुकानातल्या फळीवर आलो. अरिबानं धुळ्याच्या सामन्यात दोन गोल केले. हबीबभाई येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिचा फोटो दाखवत. पण मेहरुनला दिसत होतं, की दर रविवारी सकाळी पोरगी उलटी करते आणि "काही नाही" म्हणते.

एका रविवारी अरिबा बूट हातात धरून दारात बसून राहिली. "नाही जायचं," एवढंच ती बोलली.

"का, बेटा? कुणी काही बोललं का?" हबीबभाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग गल्लीत खेळायचंय का?"

"माहीत नाही."

समाधान सर घरी आले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "तिला एकटीला विचारायला हवं होतं." हबीबभाईंनी तिचे बूट उचलून आत ठेवले.

त्याला आता तीन महिने झाले. अरिबा कुठंच खेळत नाही. हबीबभाई दुकान बंद करून मला रोज गल्लीत नेतात आणि पुनमबरोबर वेडेवाकडे पाय मारत राहतात. अरिबाला ते हाक मारत नाहीत. काल ती उंबऱ्यापर्यंत आली होती. थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली.

मित्रांनो, तुम्हालाही कधी कुणी विचारेल, "यायचं ना?" तुमच्या मनात जे असेल, ते आईला सांगा, वडिलांना सांगा, सरांना सांगा. त्यांचा चेहरा उतरला तरी सांगा. माझ्यासारख्याच्या कानात सांगू नका. मी सगळं ऐकून घेतो, पण मला कुणाला काही सांगता येत नाही.